बाल्कनीतला चंद्र

“उपास नंतर सोड, आधी चंद्र बघ,” दर संकष्टीला मंजिरीला परदेशातल्या त्यांच्या टूनगॅबीच्या घराच्या बाल्कनीतून नवऱ्याची, उल्हासची हाक यायची. तिथेच त्याची दुर्बीण असे. मग समोर रस्त्यावर पाळतीच्या कॅमेऱ्याचा खांब आला, त्यात दुर्बीण दिसली आणि पाठोपाठ दारात पोलीस. “कुणाच्या खिडक्यांत बघतोस, मेट?” “चंद्र बघतो. बायकोचा उपास सुटायचाय,” तो हसला. ते हसले नाहीत. नाव लिहून घेऊन गेले. त्या दिवशी दुर्बीण कपाटात गेली ती गेलीच. पुढे शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये त्याने एवढंच विचारलं, “अंगारकीला तरी बाहेर काढशील ना?” मंजिरीने मान डोलावली होती. तो गेल्यावर मात्र ती मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ बघून एकटीच जेवायची. आज अंगारकी. “आई, नकोच ते. कॅमेरा आहे अजून,” लेक फोनवर म्हणाली. “असू दे. त्यालाही दाखवते चंद्र.” ताट झाकून तिने कपाटातून दुर्बीण काढली, पदराने भिंग पुसलं आणि दुर्बीण उचलून ती बाल्कनीकडे निघाली.