लोंब्यांवरची चिमणी

दर हंगामात रत्नमालाबाई नव्या धानाच्या लोंब्यांची जुडी मागच्या परसात, सांदवाडीत चिमण्यांसाठी टांगायच्या. यंदा कॅमेरा घेऊन आलेल्या जवाईबापूंनी त्याच जुडीवरच्या चिमणीचा फोटो कौतुकानं दाखवला.

"किती शांत बसली जी!" म्हणत बाई मागं गेल्या. जुडीला काळा दोरा बांधला होता. दोऱ्यात चिमणीचा एक पाय तेवढा लटकत होता.

बाई तशाच घरात परतल्या. "दोरा कायले बांधला?"

"उडून जाते ना, मामी. आता अजून चार दिवस राहतो, फोटो मस्त निघून राहिले."

आजवर राहण्याचा आग्रह केल्याशिवाय जवायाला न सोडणाऱ्या बाईंनी त्यांची बॅग अंगणात आणून ठेवली.

"साकोलीची एसटी येतेच आहे. दोन्ही पाय शाबूत आहेत, तोवर निघा."