एकसष्ट टक्के

सोयाबीनच्या बियाण्याचा ट्रक ताडपत्री बांधून कंपनीच्या फाटकापाशी उभा होता आणि त्याचा गेटपास निघत नव्हता.

प्लँट मॅनेजर त्रिंबकराव तरातरा प्रयोगशाळेत आले. "शिवकन्या, तुझं ॲप अडकलं का काय? तीर्थपुरीचा दुकानदार सकाळपासून तीनदा फोन करून राह्यला."

"अडकलं न्हाई सर," शिवकन्या म्हणाली. "थांबलंय."

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. पडद्यावर चौकोन होते आणि चौकोनांना जोडणारे बाण. बियाण्याची मोजणी, मग मॅनेजरची मंजुरी, मग गेटपास. एक ओळही कोड न लिहिता तिनं तयार चौकोन माऊसनं ओढून हे ॲप बांधलं होतं, तीन आठवड्यांत. मंजुरीवरून गेटपासकडं जाणाऱ्या बाणावर अट होती: उगवण सत्तर टक्के किंवा जास्त. या ट्रकमधल्या लॉटचा आकडा खाली लाल झाला होता. एकसष्ट.

"मोजणी कुणी केली?"

"मी," कोपऱ्यातून आवाज आला. जयवंताबाई स्टुलावर बसल्या होत्या. समोर ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडलेल्या, त्यांवर ओळीनं कोंब. "चार गुंडाळ्या, शंभर-शंभर दाणे. दोनदा मोजलं साहेब. बराबर एकसष्टच येतंय."

त्रिंबकरावांनी कोंबांकडं पाहिलं नाही. कागदावरचा जमाना होता तेव्हा बाईंचा आकडा कागदावर यायचा आणि वर जाता जाता त्यावर कुणाचं तरी पेन फिरून तो वाढायचा. माल आधी भरायचा, सही मागून व्हायची. आताही ट्रक भरून झालाच होता.

ते शिवकन्येशेजारी खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणला. "हे बघ. मोजणीवरनं सरळ गेटपासला एक बाण ओढ. माझी मंजुरी मधून काढ. दोन मिनिटांचं काम आहे."

"दोन मिनिटं पण न्हाई लागत सर."

तिनं खरंच माऊस हातात घेतला, पहिल्या चौकोनातून बाण काढला आणि शेवटच्या चौकोनाला नेऊन लावला. पडद्यावर एक रिकामी पट्टी उघडली.

"अट मागून राह्यलंय," ती म्हणाली. "हा बाण कधी वापरायचा, ते लिहावं लागतं. काय लिहू?"

"लिही काहीतरी."

"काहीतरी चालत न्हाई सर. मालकांच्या मोबाईलवर हीच ओळ दिसणार. 'उगवण कमी असली तरी पाठवा', असं लिहू?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. बोटं कीबोर्डवर ठेवून ती वाट पाहत होती. त्रिंबकरावांनी पट्टीकडं बोट केलं.

"मालकांना दिसायची काय गरज? ते बंद कर."

"ते पण येतं मला," शिवकन्या म्हणाली. "पण ते मी करणार न्हाई. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मी आत्ता त्याला सगळं उघडून देते."

कोपऱ्यात गुंडाळ्या उबेत ठेवायच्या उगवणयंत्राचा पंखा घुमत होता. फाटकावर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. एकदा, मग लांब.

"साहेब," जयवंताबाई म्हणाल्या. कोंब मोजायचं बोट त्यांनी कागदावरच ठेवलं होतं. "पाठवायचं तर पाठवा. पण शंभरातले एकोणचाळीस उगवायचे न्हाईत. हितं मी मोजले म्हणून कळलं. तिथं वावरात उभं राहून लोकं मोजतेल, मंग?"

त्रिंबकरावांनी त्या रिकाम्या पट्टीवरून नजर काढली. मग त्यांनी खिशातून आपला मोबाईल काढला. लॉटच्या नावाखाली दोनच बटणं होती. त्यांनी 'नामंजूर' दाबलं.

"आता हे पण काहीतरी मागतंय."

"कारण द्यायचं सर. टाईप न्हाई करायचं तर तो माईक दाबून बोला."

त्यांनी मोबाईल तोंडापाशी धरला. सवयीनं आवाज मोठा निघाला, आणि दार उघडं होतं. पलीकडं पोती शिवणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"उगवण एकसष्ट टक्के. बियाणं म्हणून हा माल जाणार न्हाई. त्रिंबक, प्लँट मॅनेजर."

शब्द पडद्यावर उमटत गेले. त्यांनी ते एकदा वाचले आणि पाठवून दिले. मग तीर्थपुरीला फोन लावला.

"न्हाई येत आज," ते सरळ म्हणाले. "कमी उगवतंय. दुसरा लॉट तपासून पाठवतो... हो, माहीत आहे मला पेरणीचे दिवस आहेत. म्हणूनच न्हाई पाठवून राह्यलो." पलीकडचा माणूस काय काय बोलत राहिला. त्रिंबकरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

फाटकापाशी ताडपत्रीचे दोर सुटू लागले. हमाल पहिलं पोतं खांद्यावर घेऊन गोदामाकडं परत निघाला. मोजणीपासून गेटपासपर्यंतचा बाण शिवकन्येनं पुसून टाकला आणि पुढच्या लॉटचा फॉर्म उघडला.

जयवंताबाईंनी यंत्रातून नवी गुंडाळी काढली, टेबलावर ठेवून हलक्या हातानं उलगडली. कोंब पांढरेशुभ्र होते, दाटीनं आलेले. त्रिंबकराव अजून गेले नव्हते. त्यांनी खुर्ची उचलली आणि टेबलापाशी आणून ठेवली.

"मोजा. मी बघतो."

"बसा की," जयवंताबाई म्हणाल्या. "पण मोजताना मधी बोलू नका."