पाणी घ्या आधी

बेल वाजली. उपवासाच्या खिचडीत कांदा घातल्याचा फोटो टाकून कुमुदताईंना चार दिवस झाले होते आणि दारात हा अकरावा माणूस होता. जुन्या ॲपवरच्या शिव्यांना कंटाळून त्या 'समक्ष'वर आल्या होत्या. इथे शिवी लिहिली की ती दारात जाऊन वाचून दाखवावी लागे, नाहीतर खातं बंद.

"नांदेडहून आलोय," चपला काढत तो म्हणाला.

"पाणी घ्या आधी."

घटाघटा पिऊन त्यानं मोबाइल काढला आणि वाचलं, "असल्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये."

फुलपात्र हळूच खाली ठेवून तो निघाला.

दार लावून कुमुदताई बॅग भरायला बसल्या. परवा चिडून त्यांनीही एकाला उलट लिहिलं होतं. तो चंद्रपूरला राहत होता.