कचरूकाकांचा दाखला

जालन्याच्या डॉक्टर सिराजोद्दीननं मच्छिंद्रचा हात खिडकीच्या उजेडात नेला आणि पहिल्या दोन बोटांची पेरं दाबली. मच्छिंद्र कळवळला.

"वालिदसाहेबांची बोटं पण अशीच दुखायची?"

"बापाची दुखायची, आज्याची दुखायची. थोरल्या भावाची बी. आमच्या घराण्यात बोटं दुखतेतच."

"आणि हा रंग?"

"तो तर घराण्याचाच है," मच्छिंद्र जरा ताठ बसून म्हणाला.

ताठ बसण्यासारखंच होतं ते. कुंभार पिंपळगावात या घरातले पुरुष चाळिशी आली की चिंचेनं घासलेल्या घागरीसारखे तांबूस दिसू लागत. सोयरीक जुळवणारे हा रंग खानदानीपणाची खूण म्हणून सांगत. हे पुरुष पन्नाशीच्या आत मरतही, पण ते सोयरीक जुळवणारे सांगत नसत. आजा कावीळ होऊन गेला, बाप पोटात पाणी होऊन, थोरला भाऊ गोड लघवीच्या दुखण्यानं. कारणांची त्या घरात कधी टंचाई पडली नाही.

डॉक्टरनं मात्र तिघांना मिळून एकच कारण सांगितलं. "अंगात लोखंड साठतं. खाण्यातून येतं ते बाहेर जात नाही, जिगरमध्ये, म्हणजे यकृतात, आणि सांध्यांत जाऊन बसतं. ही खोड आईबापाकडून रक्तातच येते. सध्या दवा काय घेता?"

"वैद्याचं लोहभस्म. अशक्तपणा है ना. तुपात कालवून, दोन टायमाला."

डॉक्टरनं डोळे मिटले.

"कोठार भरून फुटायला आलंय, आणि तुम्ही दारात रोज नवी गाडी उतरवून घेताय! बिलकुल बंद करा. आणि दर हप्त्याला इथं येऊन रक्त काढून घ्या. इलाज नवा आहे, पण दुसरा नाही. धाकट्या भावालाही आणा. रक्ताचं जे जे माणूस असेल, त्याला आणा."

लोहभस्म बंद झालं. ते कडवट लागायचं, त्यामुळं सोपं गेलं. रक्ताला मात्र मच्छिंद्र तयार होईना. दुखणं अशक्तपणाचं आणि इलाज रक्त काढायचा, हे त्याला काही बराबर वाटेना. शिवाय त्याच्यापाशी एक दाखला होता. तो दाखला त्या वेळी ओसरीवर बसून लसणाच्या चटणीशी भाकरी खात होता.

कचरूकाका. बापाचा पाठचा भाऊ. वय सत्तर, रंग गव्हाळ, दात सगळे. रामनवमीला जांब समर्थला पायी जायचे आणि पायीच परत यायचे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. वाटणीच्या वेळी "मला काय करायची जमीन?" म्हणाले, आणि लोकांनी त्यांना संत ठरवलं. पितरांना पान ठेवायच्या दिवशी नेमकं त्यांचं शेतात काम निघायचं. तेही लोकांनी संतपणातच जमा केलं.

"काका त्याच रक्ताचे हैत ना?" मच्छिंद्र बायकोला म्हणाला. "मंग त्यांना का न्हाई झालं काही? डॉक्टर खुळा है."

सोनूबाई पदर सावरून ओसरीवर आली. "मामंजी, तुम्ही तरी सांगा यांना. माझ्या कुंकवाचा सवाल है."

"जा की बाबा," काका म्हणाले. "सुई तर टोचून घ्यायची."

"तुम्ही गेल्ते का कधी? न्हाई ना? मंग! आता तुम्ही खाता तेच मी खाणार."

आणि त्यानं खाल्लं. लसूण, जवारीची भाकरी, सकाळी दवात अनवाणी फेरी. धाकटा रखमाजी मागून चालायचा. "दादा डॉक्टरकडं जाईल तर मी जाईन," एवढंच म्हणायचा. काहीच दुखत नसलेले गावातले चौघंही त्यांच्यामागं फिरू लागले. महिन्याभरात त्या चौघांची तब्येत सुधारली. मच्छिंद्रचं पोट फुगलं.

काका ते पोट रोज बघत. हळूहळू त्यांची भाकरी ताटात राहू लागली.

एका सकाळी ते म्हणाले, "गाडी जुंप. मी बी येतो जालन्याला."

मच्छिंद्र खूश झाला. काकांनाच डॉक्टरपुढं उभं केलं की वाद मिटला.

डॉक्टरनं काकांचे डोळे बघितले, पोट चाचपलं, बोटं दाबली. काका कळवळले नाहीत.

"वालिदसाहेबांचे सगे भाऊ? एकाच आईबापाचे?"

"बिलकुल सगे," मच्छिंद्रनंच उत्तर दिलं. "आता बोला डॉक्टरसाब. रक्तातून येतं म्हन्ता, मंग हे कसे सुटले?"

"एखादा सुटतो."

"मंग मी बी सुटेन. रक्त एकच है आमचं."

डॉक्टरनं उसासा टाकून कागद ओढला. "चाचांचं नाव?"

"कचरू."

टाक थबकला. "हे कसलं नाव?"

"बापानंतरची आजीची दोन लेकरं पाठोपाठ गेल्ती," मच्छिंद्रला सांगायला हुरूप आला. "त्यात तो मोठा दुष्काळ. लेकरं जगत नसली तर आमच्यात रीत है. नवं लेकरू उकिरड्यावर ठेवायचं आन् परक्याचं म्हणून उचलून आणायचं. नाव कचरू ठेवायचं. मरण फसतं."

"फसलेलं दिसतंय," डॉक्टर हसला.

काका हसले नाहीत. त्यांनी मच्छिंद्रचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्याची बाही कोपराच्या वर सारली.

"रीत झालीच न्हाई, मच्छिंद्रा," ते म्हणाले. "आईचं ते तिसरं लेकरू बी जन्मताच गेल्तं. ते पुरायला ती उकिरड्यापाशी आली, तवा मी तिथं आधीच पडेल होतो."