वाढत्या अंगाची सायकल

“आपण अजून वाढणार आहात का?” दुकानदार शरच्चंद्रने विचारलं. चेहरा अगदी सरळ होता. पुण्यात चेष्टा अशीच करतात.

श्यामसुंदरराव एकसष्टीला टेकले होते. ते एवढंच म्हणाले होते की याच्याहून एक साइज मोठी दाखवा. समोर उभ्या केलेल्या गिअरच्या सायकलवर इंग्रजी ‘एस’, म्हणजे स्मॉल, लिहिलेला होता. ज्याला आधी वर्गातल्या पोरांनी आणि पुढे मास्तर झाल्यावर विद्यार्थ्यांनीही ‘अडीच फुटी’ म्हटलं, त्याला तो एस वाचायला चष्मा लागत नाही. त्यांची मुलगी सलोनी हसू दाबत हेल्मेटं बघायला वळली.

वस्तू घ्यायची ती मोठीच, हे त्यांच्या सदाशिव पेठेतल्या घरातलं शास्त्र. आठवीत वडिलांनी मोठ्या माणसांची चोवीस इंची सायकल आणली, तीही वाढत्या अंगाची म्हणूनच. सायकल घरी आली, अंग मात्र वाढायचं विसरलं. मग बरीचशी नोकरी त्यांनी त्याच सायकलवर काढली. टांग मारून चढायचं, उडी मारून उतरायचं आणि सिग्नलला फूटपाथच्या कडेला सरकून एक पाय टेकायचा. जिथे कड मिळायची नाही, तो चौक ते टाळायचे. सायकलवरच्या माणसाचे पाय जमिनीला लागतच नसतात, अशी त्यांची पक्की समजूत होती.

पुढे शहरात गाड्या इतक्या वाढल्या की कडेपर्यंत सरकायलाच जागा उरली नाही. अलका चौकात एकदा सिग्नल अचानक लाल झाला, फूटपाथ दोन रिक्षांच्या पलीकडे राहिला आणि मास्तर उभ्या सायकलसकट आडवे झाले. मागच्या बसने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सुहासिनीबाईंनी नवऱ्याची सायकल बंद केली. गेली कित्येक वर्षं ते पायीच होते. आता हिंजवडीच्या कंपनीत लागलेल्या लेकीने पहिल्या बोनसातून बाबांना सायकल घ्यायची ठरवली, तेव्हा बाईंनी परवानगी दिली, पण एकदाच. आज जमली तर जमली. नाही जमली तर या घरात सायकल हा शब्द निघणार नाही, आणि हे श्यामसुंदररावांनी देवापुढे कबूल केलं होतं.

शरच्चंद्रने त्यांना बूट काढून भिंतीला पाठ लावायला सांगितलं. मग एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दिलं आणि ते दोन्ही मांड्यांमध्ये वरपर्यंत घट्ट धरायला लावलं. लेकीसमोर असं उभं राहायचं म्हणजे मास्तर लाजेने अर्धे झाले. शरच्चंद्र मात्र टेप घेऊन खाली बसला, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत पायांचं माप घेतलं आणि उठला.

“यात किती धरायचं?” श्यामसुंदररावांनी विचारलं.

“धरायचं कशाला? आहे तेवढं आहे.”

श्यामसुंदररावांना शिंपी आठवला. लहानपणी शिंप्याने माप घेतलं की वडील लगेच म्हणायचे, यात चार बोटं धरा. आपल्या अंगाचं माप घेऊन त्यात कुणी काही धरलं नाही, असं आज पहिल्यांदाच घडत होतं.

एस लिहिलेली सायकल शरच्चंद्रने पुढ्यात आणली. पुढचं चाक शॉकअपवर होतं, हँडल दाबलं की खाली जाऊन अलगद वर यायचं. मागची बाजू कडक होती, आणि मधली दांडी सीटकडे उतरत गेली होती. तिच्यावरून पाय टाकून नुसतं उभं राहा, असं तो म्हणाला. श्यामसुंदररावांनी पाय टाकला आणि सवयीने एका हाताने काउंटर पकडला. आता सायकल कलेल, मग दांडी लागेल, मग उडी मारावी लागेल, म्हणून ते जीव मुठीत धरून वाट बघत राहिले.

काहीच झालं नाही. दोन्ही तळवे फरशीवर होते, टाचांसकट. दांडी लागत नव्हती, उलट मध्ये चांगली वीतभर जागा होती. त्यांनी काउंटरवरचा हात सोडला. किती तरी वेळ ते खाली मान घालून स्वतःच्याच पायांकडे बघत राहिले.

“सलोनी,” ते हळूच म्हणाले, “सगळ्यांचे असे टेकतात?”

“हो, बाबा.”

“पहिल्यापासून?”

शरच्चंद्रने सीटची उंची बसवून दिली आणि थांबताना सीटवरून पुढे सरकून खाली उभं राहायचं, एवढं सांगितलं. मग दुकानाचं दार उघडून धरलं.

वारज्यातल्या त्या दुकानामागे नवा रुंद रस्ता झाला होता. अजून तो कुठे जाऊन मिळत नव्हता, त्यामुळे गाड्या नव्हत्या. श्यामसुंदरराव निघाले. सुरुवातीला सायकल जरा वाकडीतिकडी गेली, मग चाक सरळ धावू लागलं. सलोनीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते थांबले. पुन्हा निघाले, विजेच्या खांबापर्यंत गेले, पुन्हा थांबले. परत दहा-बारा पायडल, परत थांबले. काही तरी बिघडलं, असं समजून ती धावत सुटली.

फूटपाथ दोन्हीकडे लांब होते. बाबा रस्त्याच्या मधोमध, दोन्ही पाय रोवून उभे होते. डोळे पाणावले होते आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

“ब्रेक अडकतोय का?” तिने धापा टाकत विचारलं.

“छे, ब्रेक उत्तम आहेत,” श्यामसुंदरराव म्हणाले. “थांबून बघतोय.”