चर्चच्या पाटीमागे

"पुन्हा चर्चच्या पाटीमागेच?" न्यायालयाच्या पायरीवरच डॉर्लीन लेकावर कडाडली. "एमेटची पोलीसगाडी तिथे दबा धरून असते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. समोरून येणारे दिवे मिचकावून सावध करतात. तुझ्या कपाळाला डोळे आहेत की बटणं?"

कोल्बी बुटाच्या टोकाने खडी उकरत राहिला. सतरा वर्षांचा, बापाहून उंच.

"लक्ष नव्हतं, मॉम."

"तिन्ही वेळा?"

वेगाचं हे तिसरं चलान. आज ठपका बसला तर परवाना गेला, आणि त्याबरोबर बापाचा ट्रकही. डाग लागलेल्या पोराच्या हाती अवजड गाडी द्यायला विमावाले थोडेच तयार होतात! पाठीच्या ऑपरेशननंतर तिचा नवरा रॉय खिडकीतून अंगणातल्या निळ्या ट्रककडे बघत बसे. कधी काठी टेकत जाऊन इंजिन चालू करी, जरा ऐके, बंद करी. "पोरगा अठराचा झाला की माझ्या गिऱ्हाइकांचा गहू तोच वाहणार," येईल त्याला सांगे. कोल्बी तेव्हा ताटातले वाटाणे कडेला सारत असे.

महिनाभर डॉर्लीनने वकिलाचे उंबरे झिजवले होते. निकाल लागेपर्यंत कॉफी सोडली होती. रोज पहाटे येशूच्या तसबिरीपुढे गुडघे टेकत होती. आणि या कार्ट्याला त्याचं काही नाही!

आत सगळं झटपट उरकलं. वकिलाने तडजोड जमवलीच होती: वेगाचा गुन्हा मागे, गाडीतला वेगाचा काटा बिघडलेला म्हणून नुसता दंड. परवान्यावर ठपका नाही.

"काटा दुरुस्त करून घे, मुला," न्यायाधीशबाई चष्म्यावरून म्हणाल्या. "जमलं तर डोकंही."

सगळे हसले. कोल्बीचा चेहरा मात्र पांढरा पडला. लाज वाटली असेल, निदान तेवढी तरी, असं डॉर्लीनच्या मनात आलं.

तो गाडी आणायला गेला. पायरीवर एमेट कॉफीचे दोन कागदी पेले घेऊन उभा होता. तो आणि डॉर्लीन एकाच शाळेतली.

"घे आता. सुटलं ना तुझं व्रत?"

तिने घोट घेतला आणि इतक्या दिवसांचा राग बाहेर पडला. "एकदा तरी डोळेझाक करायचीस, एमेट! आपल्याच रॉयचं पोर ते."

"केली होती गं. या तीन चलानांच्या आधी दोनदा तसाच जाऊ दिला." एमेटने टोपी काढून डोकं खाजवलं. "पण या शेवटच्या वेळी मलाच यायला उशीर झाला. बघतो तर हा पाटीजवळ गाडी बंद करून बसलेला. मी माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो, तेव्हा कुठे त्याने गाडी चालू केली, मागे नेली, आणि माझ्या नाकासमोरून भरधाव सोडली."