बोक्याच्या नावाला ओ

चौकातला भोंगा खरखरला तेव्हा म्हाताऱ्याचा एकच गाल झाला होता. सलूनवाल्याच्या हातातला वस्तरा हवेतच थांबला. स्मारकाचा समारंभ दुपारी आहे, असं सगळे सांगत होते. म्हणून तर त्याने म्हाताऱ्याला सकाळीच बोलावून घेतलं होतं. आयोजकांना कसली घाई सुटली होती, देव जाणे.

"काय रे बोक्या, थांबलास का?" म्हातारा फेसातून बोलला.

"काही नाही, बाबा. तुम्ही मान जरा वर करा."

बोक्या म्हणजे सलूनवाला नव्हे. बोक्या हा म्हाताऱ्याचा मुलगा आणि सलूनवाल्याचा लहानपणापासूनचा जिवलग. दोघं एकाच बाकावर बसले, एकाच झाडावरून पडले, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. पुढे लढाई लागली आणि बोक्या गेला तो गेलाच. म्हाताऱ्याने ती बातमी ऐकली होती, ऊर फुटेस्तोवर रडलाही होता. पण मग मोठं आजारपण आलं, नजर अधू झाली. त्यातून उठून तो पहिल्यांदा दाढीला आला, तेव्हा रिकाम्या दुकानात खुर्ची चाचपत म्हणाला, "बोक्या, आहेस ना रे?" नाही म्हणायला सलूनवाल्याची जीभ रेटेना. तो म्हणाला, "हो, बाबा. काय म्हणता?"

एकदा ओ दिली आणि तो पुरता अडकला. म्हातारा यायच्या वेळी तो बाकीची गिऱ्हाइकं कटवायचा. न जाणो, कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर! बायको म्हणायची, हे एक दिवस तुमच्या अंगाशी येणार. पण खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. त्या नावाने हाक आली की वाटायचं, बोक्या इथंच कुठेतरी टिवल्याबावल्या करतोय.

आज चौकातल्या नव्या स्मारकावरची नावं मोठ्याने वाचणार होते. बोक्याचं नाव त्यात होतं. ते ऐकून म्हाताऱ्याला सगळं आठवलं, तर त्याचा मुलगा दुसऱ्यांदा जाणार होता, आणि तोही या खुर्चीत, गळ्याशी वस्तरा असताना. सलूनवाल्याने दार लोटून घेतलं. पंखा मोठा केला. रेडिओ लावला, तर तिथे कुणीतरी कोबीवरच्या किडीची माहिती देत होतं. त्याने आवाज वाढवला.

"रेडिओ बंद कर," म्हातारा म्हणाला. "मला बाहेरचं ऐकायचंय."

काय करतो? केला बंद. भोंग्यावरचा माणूस सावकाश वाचत होता. आधी मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. बोक्याचं शाळेतलं नाव आलं आणि त्याला चिकटून म्हाताऱ्याचं स्वतःचं आलं. ऐकलंच नाही म्हणायची सोय उरली नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटले. सलूनवाल्याने वस्तरा बाजूला ठेवला.

"बाबा, मी..."

"आडनाव नीट वाचलं हो. एरवी माती करतात," म्हातारा म्हणाला. मग त्याने कपाळ पुसलं. "आणि शेपट्या, तू रडतोयस ते माझ्यावर गळतंय."

शेपट्या! लहानपणी बोक्याच्या मागेमागे फिरायचा, म्हणून म्हाताऱ्यानेच ठेवलेलं नाव. सलूनवाला मटकन बाकावर बसला.

"तुम्हाला ठाऊक होतं? कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. हाक मारली तेव्हा चुकलो होतो खरा, तापाने डोकं ठिकाणावर नव्हतं. पण तू म्हणालास, 'काय म्हणता?' अरे, आमचा बोक्या चारचौघांत मला अहो-जाहो करायचा, आजोबांच्या धाकाने. दोघंच असलो की, 'ए बाबा, काय म्हणतोस?' एकांतात त्याने मला कधी 'अहो' म्हटलं नाही."

सलूनवाल्याला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा, तसं झालं. गिऱ्हाइकं कटवली, बायकोची बोलणी खाल्ली, सगळं फुकट! पण आता म्हाताऱ्याशी बोक्याबद्दल मनमोकळं बोलता येणार होतं. त्याने नाक पुसलं.

"मग इतके दिवस मला फैलावर का नाही घेतलंत?"

म्हाताऱ्याने हात लांबवून अंदाजाने त्याचा खांदा शोधला.

"मला वाटलं, बोक्या गेला हे तुलाच झेपत नाहीये. म्हटलं, पोर सावरेपर्यंत आपण त्याला बोक्याच म्हणावं."